बडोद्यातली सॅम्पल क्लिअरन्स सेवा: मास्टरचं काम चोख, चालीचं अर्धवट

दांडिया बाजारात एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या वरच्या खोलीत ही सेवा चालते. रॅपच्या बीटमध्ये (शब्दांखालच्या संगीतात) घेतलेल्या जुन्या गाण्याच्या तुकड्याचा, म्हणजे सॅम्पलचा, हक्कदार शोधायचा, परवानगी आणायची आणि करार हातात द्यायचा, एवढं काम. शोधाची फी एका सॅम्पलला ३,००० रुपये. नकार आला तरी ती परत मिळत नाही. हक्कदाराचे पैसे वेगळे, त्यावर १८ टक्के जीएसटी. कोटेशनमध्ये जीएसटीची ओळ नसते, ती आधीच विचारून घ्या.

फॉर्म पाहिला की इथल्या माणसांना काम येतं हे कळतं. तबकडीचा कॅटलॉग नंबर, मधल्या लेबलाजवळ कोरलेला मॅट्रिक्स नंबर (त्या मुद्रणाचा क्रमांक), मूळ गाण्यात तुकडा कुठून कुठपर्यंत, पिच (सुराची पट्टी) किती हलवला, सगळ्याला रकाने आहेत. ‘नव्या गाण्यात एकूण किती सेकंद’ हा रकाना मात्र जपून भरा. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) चार बार म्हणजे १६ ठोके, १०.६७ सेकंद. तोच लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, आठदा फिरला की ८५ सेकंद होतात. ‘दहा सेकंदांचं सॅम्पल’ असं लिहून पाठवलं आणि रेकॉर्ड कंपनीने गाणं ऐकलं, की बोलणी तिथेच फिसकटतात. गाण्याच्या दोन वेव्ह फाइल लागतात, सॅम्पलसकट आणि सॅम्पलशिवाय. रॅपचे शब्द टाइप करून द्यायचे, शिव्यांसकट, कारण कंपनी ते वाचते. सहा सेकंदांपर्यंत विचारावं लागत नाही, ही कट्ट्यावरची अफवा. आपल्या कायद्यात अशी सूट कुठेही नाही.

मास्टरचा, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा, माग ही मंडळी छान काढतात. नुसतं लेबल पाहून थांबत नाहीत, निर्मात्याशी झालेला मूळ करार मागतात. ते बरोबरच आहे. अमेरिकी संगीत निर्माता टिंबलंडविरुद्धच्या दाव्यात सारेगामा २०११ साली अमेरिकेच्या अपील कोर्टात हरली ती याच मुद्द्यावर: जुन्या चित्रपटगीताच्या त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क जुन्या करारानुसार तिच्याकडे नव्हता.

घोळ पुढे आहे. मास्टरचं पत्र आलं की फाइलवर ‘क्लिअर्ड’ शिक्का बसतो. चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा असतो, तो कुणाकडे आहे हे विचारल्याशिवाय शोधत नाहीत. वर आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची संस्था) किंवा पीपीएलचा (रेकॉर्ड कंपन्यांची संस्था) परवाना घ्या म्हणून सांगतात. तो मुख्यतः जाहीर वाजवण्यासाठी असतो. तुकडा नव्या रेकॉर्डिंगमध्ये बसवायला मूळ हक्कदाराचीच लेखी परवानगी लागते. दोन्ही बाजूंची बोलणी एकदम न केल्याचा फटका पैशातही बसतो. मास्टरच्या पत्रात बरेचदा ‘दुसऱ्याला जास्त दिलंत तर आम्हालाही तेवढंच’ असं कलम असतं. समजा मास्टर २५,००० ला ठरलं आणि चालीचे ४०,००० द्यावे लागले, तर मास्टरचेही ४०,००० होतात.

जुन्या तबकड्यांवर त्यांचा विशेष भर आहे. बडोद्याच्या दरबारातले उस्ताद फैयाज खाँ हे त्यांचं आवडतं उदाहरण, आणि ते निम्मं खरं आहे. भारतात ध्वनिमुद्रण प्रकाशनानंतर ६० वर्षांनी मोकळं होतं, म्हणून १९३५ची तबकडी केव्हाच सुटली. खाँसाहेब १९५० साली गेले, तेव्हा ‘प्रेमपिया’ या नावाने त्यांनी रचलेल्या बंदिशीही २०१०च्या अखेरीस सुटल्या. पण अमेरिकेत १९२३ ते १९४६मधल्या तबकड्यांना १०० वर्षांचं संरक्षण आहे. १९३५ची तिथे २०३५ संपेपर्यंत बांधलेली. गाणं जगभर सोडताना देशांच्या यादीत अमेरिकेपुढची टिकमार्क काढायला हवी, हे इथे कुणी सांगत नाही. शिवाय रेडिओवरचं जे ध्वनिमुद्रण खूप नंतर प्रकाशित झालं, त्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजायची. यूट्यूबवरून उचलू नका. तबकडीवरूनच उतरवा आणि मॅट्रिक्स नंबरचा फोटो ठेवा, म्हणजे कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दावा आला तर दाखवायला काहीतरी हाती असतं.

करार सही करण्याआधी दोन ओळी बघा: मुदत आणि प्रदेश. यांच्या छापील मसुद्यात दोन्ही कोऱ्या असतात. कोऱ्या सोडल्या तर कायदा मुदत पाच वर्षं धरतो आणि प्रदेश फक्त भारत. म्हणजे सहाव्या वर्षी तुमचंच गाणं स्ट्रीमिंगवरून उतरवायची वेळ येणार. ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जग’ लिहून घ्या. कंपनी नाही म्हणाली तर निदान भाव तरी कळतो.

पैसे वसूल होतात ते तुकडा नव्याने वाजवून घेण्यात. मास्टरचा प्रश्नच मिटतो, उरते फक्त चालीची परवानगी. परफॉर्मिंग आर्ट्सची शिकलेली मुलं इथे येतात. सारंगी, हार्मोनियम उत्तम, आणि जुन्या माइकचा कोंदट आवाज आणायला खालच्या स्टुडिओत वरचे स्वर ५ किलोहर्ट्झपाशी कापून देतात. (ऐकताना तबकडीच वाटते, खरखर मात्र अती घालतात.) ‘कव्हर व्हर्जन करा, परवानगी नको’ हा त्यांचा सल्ला कानाआड करा. कायद्यातल्या कव्हर व्हर्जनच्या कलमात मूळ गाण्याला पाच वर्षं झालेली हवीत, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची आणि चालीत फेरफार करायचा नाही. लूपला ते लागू पडत नाही.

वादकाची संमती ते मानधनाच्या पावतीच्या पाठीमागे घेतात. ती चालवून घेऊ नका, वेगळ्या कागदावर त्याच दिवशी घ्या. परीक्षा संपल्या की मुलं गावी जातात, मग सही मिळत नाही.