कयानी की सुबको? मुंबईतल्या एका मोकळ्या सकाळसाठी

पुण्याहून मावसबहीण येते तेव्हा तिच्याकडे मुंबईत जेमतेम एक सकाळ असते. भट्टीतून नुकतंच निघालेलं काहीतरी खायचं आणि सोबत गरम काहीतरी प्यायचं, एवढीच तिची अपेक्षा. मग दर वेळी तोच प्रश्न: धोबी तलावच्या कयानी या इराणी कॅफेत जायचं की वांद्र्याच्या सुबको या कॉफीच्या कॅफेत?

कॉफीसाठीच निघाला असाल तर फार विचार करू नका, सरळ वांद्र्याला जा. सुबको 2020 साली चॅपल रोडवर सुरू झालं. कॉफी भाजतात ते स्वतःच, आणि पाकिटावर मळ्याचं नाव, बी धुऊन वाळवलं की फळासकट, हेही छापतात. फळासकट वाळवलेल्या कॉफीला पिकल्या फळाचा वास येतो. चिकोरी घातलेल्या फिल्टर कॉफीवर वाढलेल्या जिभेला ती पहिल्या घोटाला आंबट आणि पातळ लागते. मलाही लागली होती. कप थोडा निवू द्या, गोडवा मागाहून येतो. दूध हवंच असेल तर एस्प्रेसोवर, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेल्या दाट कॉफीवर घेतलेलं बरं. पोअर-ओव्हरमध्ये, म्हणजे गाळणीतल्या पुडीवर हळूहळू गरम पाणी ओतून केलेल्या कॉफीत, दूध घातलं की ज्यासाठी पैसे मोजले तीच चव बुडते.

कयानीत मात्र चहाच घ्यावा. घट्ट दुधाचा, गोड इराणी चहा, आणि त्यात बुडवायला ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव. 1904 सालची ही जागा. ब्रुनचं कवच कडक, आत लुसलुशीत, वर लोण्याचा सढळ हात. वेलचीच्या वासाचा मावा केक घेतल्याशिवाय उठू नये. पावाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: सुबकोचा क्रॉसाँ उत्तम असतो, पण ब्रुन मस्क्याची भूक तो भागवत नाही. क्रॉसाँ म्हणजे आपल्या खारीचाच लांबचा नातेवाईक. घड्या दोन्हीकडे, पण खारीत यीस्ट नसतं, म्हणून ती आरपार कुरकुरीत होते आणि क्रॉसाँ आतून जाळीदार राहतो.

‘ताजं’ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे, हे जाण्याआधी लक्षात घ्या. ब्रुनचं आयुष्य तासांचं. मुंबईच्या दमट हवेत दुपारपर्यंत त्याचं कवच चिवट होतं, म्हणून कयानीत सकाळी लवकर पोचावं. कॉफीचं उलट. आज भाजलेली आजच प्यायली तर चव नीट उतरत नाही, कारण भाजलेल्या बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. साधारण आठवडाभराने ती रंगात येते आणि पुढचे तीन-चार आठवडे छान लागते. तेव्हा पाकीट घेताना भाजल्याची तारीख आधी बघा. घरी दळायची सोय असेल तर अख्ख्या बिया घ्या. नसेल तर कॉफी करायचं तुमचं भांडं कुठलं ते सांगून तिथेच दळून घ्या आणि लवकर संपवा, कारण दळल्यावर वास भराभर उडतो.

खर्चात मोठा फरक आहे. सुबकोतल्या एका कॉफीच्या पैशांत कयानीत दोघांचा चहा-मस्का आरामात होतो. पोचायलाही कयानी सोपं: मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत, मेट्रो सिनेमाच्या समोर. चॅपल रोडला वांद्रे स्टेशनवरून रिक्षा करावी लागते, पण तिथल्या रनवार या जुन्या वस्तीच्या गल्ल्या, जुनी घरं आणि क्रूस बघत पायी फिरायला वेळ काढा.

बहीण एकटी आली तर मी तिला वांद्र्याला नेते. मावशी सोबत असली की धोबी तलाव. मावशीला गुडघ्यांमुळे गल्ल्यांतून फार फिरवत नाही, आणि तिला चहा बशीत ओतून प्यायचा असतो.