वेर्ण्याचा कारखाना की डिझाइन ऑफिस?

गोव्यात फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल करून बाहेर पडलात आणि कारखान्यांच्या आखणीत रस आहे, तर समोर मुख्यतः दोन वाटा असतात. एक, वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीचा प्रोजेक्ट विभाग. दुसरी, डिझाइन कन्सल्टन्सी. तिच्यासाठी बऱ्याचदा घर सोडून पुणे-मुंबई गाठावी लागते.

कन्सल्टन्सीत हात लवकर बसतो. यंत्रांचा लेआउट, पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांची जोडणी दाखवणारा आराखडा), डक्टचे म्हणजे हवेच्या नळ्यांचे मार्ग, ऑटोकॅड आणि रेव्हिट ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर. वर्षभरात तीन-चार वेगळे प्रकल्प बघायला मिळतात आणि तुमचं कॅल्क्युलेशन तपासणारा सीनियर शेजारीच बसलेला असतो. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. धोका एकच: दोन वर्षं नुसते पाइप सपोर्ट काढत बसायची वेळ येऊ शकते.

कारखान्यात प्रकल्प एकच असतो, पण तो चालताना दिसतो. उदाहरण आपल्या पावसाचंच घ्या. जुलैत बाहेरची हवा २८ अंशांवर, आर्द्रता ९० टक्के. औषध बनवायच्या खोलीत हवी २४ अंश, ५० टक्के. म्हणजे दर किलो हवेतून साधारण १२ ग्रॅम पाणी काढायचं. तासाला १००० घनमीटर ताजी हवा आत घेतली, तर तासाला जवळपास १४ लिटर पाणी कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर, जमतं. हवेचं तापमान आणि आर्द्रता दाखवणाऱ्या सायक्रोमेट्रिक चार्टवर ही एक तिरकी रेघ असते. प्लांटमध्ये तेच पाणी बाहेर नेणारी ड्रेन लाइन तुंबलेली दिसते, कारण तिच्यातल्या ट्रॅपची (पाणी अडवून ठेवणाऱ्या वाकड्या नळीची) उंची कमी पडलेली असते. माझ्या पहिल्या लेआउटमध्ये मी एएचयूचा (हवा थंड करून खोलीत सोडणाऱ्या यंत्राचा) कॉइल बाहेर ओढायला जागाच ठेवली नव्हती. फिटरने टेप लावून दाखवली, तेव्हापासून प्रत्येक यंत्राभोवती आधी देखभालीची जागा आखतो, मग यंत्र.

काम दोन्हीकडे आहे. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे उत्पादनाचे नियम, बदललं. जुन्या प्लांटमध्ये हवेची व्यवस्था, खोल्यांमधला दाबाचा फरक, माणसांची आणि मालाची ये-जा हे सगळं पुन्हा तपासायचं, तर ड्रॉइंग करणाराही लागतो आणि जागेवर उभा राहणाराही.

एचव्हीएसी (वातानुकूलन आणि हवा खेळती ठेवण्याच्या कामाच्या) ठेकेदाराकडची साइट ही तिसरी वाट. शिक्षण उत्तम, पण डिझाइन हाती यायला वेळ लागतो.

माझं मत सांगतो. प्रोजेक्ट विभाग मिळत असेल तर पहिली दोन वर्षं कारखाना, मग कन्सल्टन्सी. मात्र नाव प्रोजेक्टचं आणि काम तीन शिफ्टच्या मेंटेनन्सचं असेल, तर सरळ पुण्याची गाडी पकडा. हा फरक ऑफर लेटरवरून कळत नाही. मुलाखतीतच विचारा: हीट लोड (किती उष्णता काढायची त्याचा हिशेब) इथे कोण काढतं, तुम्ही की व्हेंडर? आणि कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा पहिल्यांदा चालू करून तपासण्याच्या, वेळी मला तिथे उभं राहू द्याल का?