लायसन्स तपासणी: मॅनिफेस्ट वाचायचं की फायली स्कॅन करायच्या?

ग्राहकाने एसबॉम (सॉफ्टवेअरमध्ये वापरलेल्या घटकांची यादी) मागितला की हा प्रश्न येतोच. दोन्ही मार्ग फुकट आहेत, फरक मेहनतीचा.

मॅनिफेस्ट म्हणजे पॅकेजची माहिती देणारी फाईल, उदा. पॅकेज डॉट जेसन. ती वाचणारं टूल तिच्यातलं लायसन्सचं नाव उचलतं. काम काही सेकंदांत होतं, त्यामुळे प्रत्येक बिल्डला लावता येतं. पण ते लेखकाच्या शब्दावर चालतं: वर एमआयटी हे सैल लायसन्स आणि आत कुणीतरी उचलून टाकलेली, माथ्यावर (हेडरमध्ये) जीपीएल-२.० हे कोड वाटताना सोर्सही द्यायला लावणारं लायसन्स लिहिलेली सी फाईल, हे त्याला दिसणार नाही. कॉपीराइटच्या ओळीही मिळत नाहीत. अपाचे-२.० मध्ये नोटीस फाईल असेल तर तिच्यातल्या श्रेयनोंदी पुढे द्याव्याच लागतात. नुसत्या नावावर ते भागत नाही.

फायली स्कॅन करणारा स्कॅनकोड प्रत्येक फाईल उघडतो. मोठ्या रिपॉझिटरीला तासन् तास लागतात, आणि टेस्ट डेटात किंवा रीडमीत जीपीएलचा नुसता उल्लेख असला तरी तो बोट दाखवतो. खरा खर्च इथेच: हे निकाल माणसालाच निस्तरावे लागतात. मिनिफाय केलेल्या (आकार कमी करायला आवळलेल्या) जावास्क्रिप्टमधून हेडर गळालेलं असेल तर तोही हात टेकतो, म्हणून मूळ सोर्सच स्कॅन करा.

सर्व्हरवरच चालणारी वेब सेवा असेल तर रोजच्याला मॅनिफेस्ट पुरे, फक्त एजीपीएल (बदललेला कोड नुसता सर्व्हरवरून वापरायला दिला तरी सोर्स द्यायला लावणारं लायसन्स) दिसताच बिल्ड थांबवा. राउटरचं फर्मवेअर, मोबाइल ॲप किंवा कंटेनर इमेज बाहेर देत असाल तर प्रत्येक रिलीजआधी स्कॅन हवाच.