थायलंडच्या डोंगरात भेटलेला नीरफणस

वेंगुर्ल्यात आमची खानावळ आहे, त्यामुळे परगावी गेलं की माझी नजर आधी दुसऱ्याच्या चुलीकडे जाते. फेब्रुवारीत भाचीबरोबर थायलंडला गेले, तेव्हा चियांग माईहून पाय नावाच्या डोंगरातल्या गावी दोन दिवस राहिलो. त्या रस्त्याला ७६२ वळणं. आंबोली घाटाची सवय असूनही आल्याची वडी तोंडात धरावी लागली.

संध्याकाळी बाजारामागच्या गल्लीतून कोंबडी भाजल्याचा धूर आला आणि मी थबकले. त्या धुराला आमच्या परसाचा वास होता. विहिरीजवळ आमचं ऑलस्पाइसचं झाड आहे, त्याची पानं आम्ही पुलावात घालतो. फळ मात्र त्याला कधी धरलेलं नाही.

पत्र्याखाली सहा टेबलं, उभ्या चिरलेल्या पिंपात निखारे, आणि स्वयंपाक करणारी बाई वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरची. भाचीनं इंग्रजीत आमच्या झाडाचं सांगितल्यावर तिनं बरणी उघडून चार सुके दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मिऱ्याहून जरा मोठे, तपकिरी. चिरडले तर लवंग, दालचिनी, जायफळ, सगळं एकदम नाकात. वेस्ट इंडीजमधल्याच जमैका बेटावर या ऑलस्पाइसला पिमेंटो म्हणतात. हे दाणे, थाइमची सुवासिक पानं, कांद्याची पात आणि स्कॉच बॉनेट मिरची यांचं वाटण लावून कोंबडी मुरवायची आणि निखाऱ्यावर भाजायची, ते जर्क चिकन. तिकडे लाकूडही याच झाडाचं वापरतात. इथे ते मिळत नाही, म्हणून ही भिजवलेले दाणे निखाऱ्यावर टाकते. पानात यायला पन्नास मिनिटं लागली. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण पहिल्या घासाला माझी तक्रार संपली. कातडी काळी, कुरकुरीत, आतलं मांस हाडापर्यंत मुरलेलं.

मग आला नीरफणस. आख्खा निखाऱ्यात भाजून, काळी साल सोलून, जाड फोडींवर लोणी. भाची ओरडलीच, "मावशे, ह्यो तर आपलो निरफणस!" आम्ही तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून कापं करतो, आख्खा भाजायचं कधी सुचलंच नव्हतं. भाजल्यावर तो पावासारखा होतो आणि धुराचा वास आतपर्यंत उतरतो. इंग्रज आरमारातल्या कॅप्टन ब्लायनं १७९३ मध्ये पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावरून याची रोपं जहाजातून जमैकाला नेली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात जगवायला म्हणून. हे कळल्यावर पुढची फोड मी जरा सावकाश खाल्ली.

नारळाच्या रसात शिजवलेला राजम्याचा भात तर रोज खावा असा. वर एक स्कॉच बॉनेट मिरची आख्खी ठेवतात, ती फुटू द्यायची नाही, नुसता वास हवा. ही मिरची तिनं मागच्या कुंड्यांत लावलीय. बुटकी, चुण्या पडलेली.

डबल्स दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाले. हळदीच्या दोन मऊ पुऱ्या, मध्ये छोल्यांची उसळ, वर कुचेला, म्हणजे कैरीचं लोणचं. पुरीला ती 'बारा' म्हणते. १८४५ पासून भोजपुरी मुलखातली माणसं उसाच्या मळ्यांवर करारानं त्रिनिदादला गेली, त्यांच्याबरोबर हा शब्द गेला. उसळीवर घातलेली लांब, दातेरी पानांची कोथिंबीर थाई बाजारातलीच. त्रिनिदादमध्येही हीच घालतात, तिथे तिला शॅडो बेनी म्हणतात. त्यासाठी बाईला काही शोधावं लागलं नाही.

फसलं ते खाऱ्या माशाचं बलजोल. खारवलेला कॉड, टोमॅटो, कांदा, तेल. बेत चांगला, पण मीठ उतरलं नव्हतं. खारा बांगडा आम्ही दोन-तीन पाण्यांतून काढतो, इथे एकच पाणी झालं असावं. मी भाचीकडून तसं सांगवलं. बाईनं चव घेतली, मान हलवली आणि बिलातून ती डिश काढली.

दोघींचं दोन वेळचं मिळून ७४० बाट झाले. गेलात तर पिंपाजवळच्या टेबलावर बसा आणि गेल्या गेल्या कोंबडी सांगून ठेवा. नीरफणस रोज नसतो, दक्षिणेकडून आला तरच, आधी विचारा. अंबाडीच्या लाल बोंडांचं आलं घातलेलं सरबत आहे, त्यात साखर कमी घालायला सांगा.

घरी आल्यावर करवंट्यांच्या निखाऱ्यांवर ऑलस्पाइसच्या ओल्या डहाळ्या टाकून कोंबडी भाजली. दाण्यांची सर पानांना आली नाही. नीरफणस मात्र आता आमच्याकडे आख्खाच चुलीत जातो, आणि गिऱ्हाईक तो मागून घेतं.