युनिडेन बीसी१२५एटी स्कॅनर : बॉम्बफेकीच्या रेंजवरचे बोलणे ऐकण्यासाठी कितपत उपयोगी?

लष्करी विमानांच्या बॉम्बफेकीच्या सरावासाठी राखलेल्या मैदानावर, ज्याला वैमानिक नुसते ‘रेंज’ म्हणतात, रेडिओवरचे वाक्य बहुधा चार-पाच शब्दांत संपते. त्यामुळे हे बोलणे ऐकण्यासाठी घेतलेला स्कॅनर, म्हणजे अनेक फ्रिक्वेन्सी एकामागून एक तपासत जाणारा आणि बोलणे सापडले की तिथे थांबणारा रेडिओ, आवाज किती मोठा देतो याला फारसे महत्त्व नाही. वाक्याचा पहिला शब्द त्याच्या हाती लागतो की निसटतो, हे पाहावे लागते. युनिडेन कंपनीच्या बीसी१२५एटी या हातात मावणाऱ्या स्कॅनरकडे मी मुख्यतः याच नजरेने पाहिले आहे.

अमेरिकी रेंजवरच्या भाषेत ‘इन हॉट’ म्हणजे शस्त्र सोडण्याच्या तयारीने लक्ष्याकडे वळलो आहे, ‘क्लिअर्ड हॉट’ म्हणजे या फेरीत शस्त्र सोडण्यास परवानगी आहे, ‘इन ड्राय’ म्हणजे येतो आहे पण काहीही सोडणार नाही, आणि ‘ऑफ ड्राय’ म्हणजे काहीही न सोडता बाहेर पडलो. यातला पहिला शब्द गिळला गेला आणि नुसते ‘ड्राय’ किंवा ‘हॉट’ कानी आले, तर विमान येते आहे की जाते आहे, आणि बोलणारा वैमानिक आहे की परवानगी देणारा नियंत्रक, हेही कळत नाही. धोक्याच्या वेळी उच्चारायचा ‘अबॉर्ट’ हा शब्द तीनदा म्हणण्याची पद्धत किती शहाणपणाची आहे, हे अशा वेळी ध्यानात येते.

या यंत्रात ५०० चॅनेल साठवता येतात आणि ते दहा कप्प्यांत विभागलेले असतात. ते सगळे चालू ठेवले तर स्कॅनर फिरून रेंजच्या चॅनेलवर येईपर्यंत वाक्य संपून गेलेले असते. रेंजच्या मोजक्या फ्रिक्वेन्सी एका वेगळ्या कप्प्यात ठेवून बाकीचे कप्पे बंद केले, की हाच स्कॅनर चांगला चपळ वाटतो. ‘डिले’ची सोय त्याहून मोलाची आहे, एक जण बोलून थांबल्यावर स्कॅनर क्षणभर त्याच चॅनेलवर रेंगाळतो आणि उत्तरही हाती लागते. ‘प्रायॉरिटी’ मात्र या कामासाठी मी बंदच ठेवतो, कारण महत्त्वाचे चॅनेल अधूनमधून तपासण्याच्या नादात ती चालू बोलण्याचाच लचका तोडते. प्रत्येक चॅनेलला नाव देता येते, ही गोष्ट कागदावर किरकोळ दिसते, पण आकडे पाठ नसणाऱ्याला तिचा मोठा आधार वाटतो.

सोबत मिळणारा अँटेना कामचलाऊ आहे. अँटेनाची लांबी लहरीच्या पाव तरंगलांबीइतकी असावी, आणि लष्करी विमानांच्या पट्ट्याच्या साधारण मध्यावर, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झला, ती साधारण २५ सेंटिमीटर भरते. त्या मापाचा अँटेना लावून पाहण्यासारखा आहे. मात्र अँटेना कितीही चांगला असला तरी या लहरी जवळपास सरळ रेषेतच जातात. उंचावरचे विमान दुरून ऐकू येते, पण जमिनीवरच्या मनोऱ्यातला नियंत्रक बहुतेक वेळा ऐकू येत नाही. म्हणजे आपल्या वाट्याला अर्धाच संवाद येतो आणि उरलेला शब्दांवरून ताडावा लागतो. वैमानिक ‘टॅली’ म्हणाला तर त्याला लक्ष्य दिसले आहे, ‘नो जॉय’ म्हणाला तर दिसलेले नाही, ‘व्हिज्युअल’ म्हणाला तर आपल्या बाजूचे विमान किंवा सैनिक दिसले आहेत. ‘विंचेस्टर’ म्हणजे दारूगोळा संपला. ‘बिंगो’ म्हणजे तळावर परतण्यापुरतेच इंधन उरले. बीडीयू-३३ हा सुमारे ११ किलोचा सरावी बॉम्ब पडल्यावर धूर सोडतो आणि त्यावरून नेम मोजला जातो. तो निकाल घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत सांगतात : हल्ल्याची दिशा बारा वाजता धरली, तर ‘सिक्स ओ’क्लॉक, टेन मीटर्स’ म्हणजे बॉम्ब लक्ष्याच्या दहा मीटर अलीकडे पडला. अचूक लक्ष्यावर पडला तर ‘शॅक’. निकाल सांगणारा मनोरा ऐकू आला नाही, तरी तो आकडा वैमानिकाने परत उच्चारला तर आपल्यालाही कळतो.

स्कॅनरकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नये. कूटबद्ध संभाषण त्यावर नुसत्या खरखरीसारखे ऐकू येते आणि ‘हॅव क्विक’सारख्या, क्षणोक्षणी फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या पद्धतीचा पाठलाग त्याला जमणारा नाही. शिवाय असे ऐकणे सर्वत्र कायदेशीर नाही. ब्रिटनमध्ये २००६च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने, आपल्यासाठी नसलेले संदेश परवानगीविना ऐकण्यास मनाई आहे.

खरेदीपूर्वी एक आकडा जरूर तपासावा. लष्करी विमानांचा पट्टा २२५ ते ४०० मेगाहर्ट्झ असा आहे आणि हा स्कॅनर त्यात ३८० पर्यंतच पोचतो. पुढचे २० मेगाहर्ट्झ त्याच्या कक्षेत येतच नाहीत. ज्या रेंजमध्ये रस आहे तिची फ्रिक्वेन्सी ३८०च्या आत असेल, तर दोन साध्या एए सेलवर चालणारे हे यंत्र मी निःसंकोच सुचवीन. ती ३८०च्या वर असेल, तर किंमत काहीही असो, हे यंत्र घेऊ नये.