जोडीनं नाचायला शिकायचंय: सालसा की अर्जेंटाइन टँगो?

सालसा शिकावा की टँगो, हे बहुतेक जण क्लासमधल्या स्टेप्स बघून ठरवतात. माझ्या मते ते सोशलवरून ठरवावं. सोशल म्हणजे क्लासबाहेरची ती संध्याकाळ, जिथे अनोळखी माणसांबरोबर नाचायचं असतं. तिथले दोन्हीकडचे रिवाज अगदी वेगळे आहेत, आणि आपण टिकतो की सोडून देतो हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

सालसा आठ मात्रांत मोजतात. पावलं १-२-३ आणि ५-६-७ वर पडतात, चौथी आणि आठवी मात्रा रिकामी. केहरवा कानात मुरलेल्या माणसाला ही मोजणी परकी वाटत नाही, अवघड जातो तो वेग. यात 'क्रॉस बॉडी लीड' पक्की करून घ्या: लीड, म्हणजे चाल ठरवणारा जोडीदार, १-२-३ मध्ये बाजूला होऊन वाट मोकळी करतो आणि फॉलो, म्हणजे त्याच्या इशाऱ्यावर चालणारी, ५-६-७ मध्ये त्या वाटेनं पलीकडे जाते. ही चाल आणि एक साधा उजवा टर्न एवढ्या भांडवलावर दोन-तीन महिन्यांत सोशलला उतरता येतं. कुणालाही जाऊन विचारायचं, गाणं संपलं की थँक्यू म्हणायचं. नाही जुळलं तरी चार-पाच मिनिटांचाच प्रश्न. मात्र क्लास 'ऑन वन' आहे की 'ऑन टू' ते आधी विचारा. लॉस एंजेलिसच्या पद्धतीत दिशा पहिल्या मात्रेवर बदलते, न्यूयॉर्कच्या पद्धतीत दुसऱ्या. सुरुवातीला दोन्हींची सरमिसळ केली की पाय गोंधळतात.

टँगोला असा ठरलेला आठाचा साचा नसतो. चालणं हाच पाया, आणि प्रत्येक पाऊल त्या क्षणी सुचलेलं. टँगोच्या सोशलला मिलोंगा म्हणतात. तिथे सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत राहतात. गाणी तांदा नावाच्या संचात वाजतात, टँगोचा संच बहुधा चार गाण्यांचा. म्हणजे एकाच जोडीदाराबरोबर दहा-बारा मिनिटं. तांदा मध्येच सोडणं उद्धटपणाचं मानतात. मग कोर्तिना, म्हणजे वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा वाजतो आणि फ्लोअर रिकामा होतो.

विचारण्याची तऱ्हा मला टँगोतली अधिक आवडते. काबेसेओ म्हणजे लांबूनच नजर भिडवायची. समोरच्यानं मान हलवली तर होकार, नजर वळवली तर नकार. कुणी हात पुढे करून समोर उभं राहत नाही, त्यामुळे 'नाही' म्हणणं सोपं जातं आणि नकार मिळालेल्याचीही शोभा होत नाही. एकट्यानं येणाऱ्या बायकांसाठी ही फार मोठी सोय आहे. सालसातही बेलाशक 'नाही' म्हणावं, पण ते तोंडानं म्हणावं लागतं.

मात्र टँगोची मिठी जवळची असते, अनेकदा छातीला छाती लागून. आपल्याकडे पुष्कळांना याचाच संकोच वाटतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. अंतर राखूनही टँगो नाचता येतो. तशी मोकळीक नसेल तर तो क्लास सोडावा. शिवाय वेळ लागतो, लीडला तर वर्ष सहज जातं. आणि १९३०-४० च्या दशकांतल्या द'आरिएन्सो, दि सार्ली, त्रोइलो यांच्या वाद्यवृंदांनी तुम्हाला ओढलंच नाही, तर एवढी चिकाटी कुठून आणणार? आधी महिनाभर ते संगीत घरी ऐका.

मुंबई-पुण्यात सालसाची मंडळी जास्त, टँगोची मोजकी. घोळका मोठा असला की नवशिक्याला सराव भरपूर मिळतो. छोट्या गटात लोक लवकर ओळखीचे होतात, पण तेच ते जोडीदार मिळतात. लीड दोन्हीकडे कमी पडतात, म्हणून बायकांनीही लीड शिकावं असं मी आग्रहानं सांगेन.

बचाटाचा पर्याय पुढे येईलच, कारण सालसाच्या सोशलला तोही वाजतो. डॉमिनिकन रिपब्लिकचा हा नाच, तीन पावलं आणि चौथ्यावर टॅप. सालसाबरोबर तो आपसूक येतो, वेगळा निवडायची गरज नाही.

पंचविशीतल्या, लोकांत मिसळायला आलेल्या माणसाला मी सालसाच सांगेन. चाळिशी ओलांडलेल्या, वेग नकोशा झालेल्या माणसाला टँगो. पण गुडघे दुखत असतील तर डॉक्टरांना विचारा, कारण वळणं टँगोतही आहेत. पहिल्या दिवशी महागडे डान्स शूज नकोत, पण रबरी तळाचे स्पोर्ट शूजही नकोत. वळताना ते फरशीला धरून बसतात आणि पीळ गुडघ्याला पडतो. घरात चामडी तळाचे जुने बूट असतील तर ते चालतील.