ऑफिस सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती : सात महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या कार्यालयात पत्रव्यवहार, हिशेब आणि सादरीकरणे यांसाठी जो सॉफ्टवेअर संच वापरला जातो, त्याची एकदाच विकत घेतलेली जुनी आवृत्ती काढून सात महिन्यांपूर्वी वर्गणीवर चालणारी नवी आवृत्ती जवळजवळ सर्व संगणकांवर बसवण्यात आली. मी लेखा विभागात काम करते आणि दिवसाचे सहा-सात तास या संचातच असते. त्यामुळे हे परीक्षण जाहिरातीतल्या वैशिष्ट्यांची यादी पडताळून लिहिलेले नाही, रोजच्या कामात काय घडले त्यावरून लिहिलेले आहे. संचाचे नाव मी देत नाही, कारण वेगवेगळ्या उत्पादकांचे संच वापरणाऱ्या परिचितांशी बोलल्यावर त्यांच्या तक्रारीही जवळजवळ याच निघाल्या.

माझे मत आधीच सांगते. नवी आवृत्ती जुनीपेक्षा अधिक कामे करू शकते, हे खरे आहे. पण जुन्या आवृत्तीवर ज्याचा हात बसलेला आहे त्याला ती येत असलेलेच काम पुन्हा शिकायला लावते, आणि या शिकण्यात जाणारा वेळ उत्पादकाच्या हिशेबात कुठेच धरलेला दिसत नाही. बाकीच्या बहुतेक अडचणी या एकाच गोष्टीतून निघालेल्या आहेत.

हात बसणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगते. महिनाअखेरीला तेरीज पत्रक (सर्व खात्यांच्या जमा आणि नावे बाजू जुळतात का ते पाहण्याचा तक्ता) तयार करताना एका शीटमधले आकडे दुसऱ्या शीटमध्ये न्यायचे असतात, पण त्यांच्यामागची सूत्रे न्यायची नसतात, फक्त किमती न्यायच्या असतात. जुन्या आवृत्तीत यासाठी मी एकामागून एक चार कळा दाबत असे. त्या कोणत्या, हे मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते, कारण डोळे कागदावरच्या आकड्यांवर असत आणि बोटे आपले काम करत असत. नव्या आवृत्तीत त्याच कळा दाबल्या की शोधाची चौकट उघडते आणि उरलेली अक्षरे तिच्यात टाइप होतात. पहिल्या आठवड्यात मी ही चूक दिवसातून किमान वीस वेळा केली असेल. प्रत्येक वेळी कागदावरून नजर काढायची, चौकट बंद करायची, माउस हातात घ्यायचा, योग्य चिन्ह शोधायचे आणि मग कागदावर आपण कोणत्या ओळीवर होतो ते पुन्हा शोधायचे. एका वेळेला पाच-सात सेकंदच जातात, पण तंद्री मोडते, आणि आकड्यांच्या कामात तंद्री मोडली की चुका होतात. त्या महिन्यात दोन नोंदी मी चुकीच्या स्तंभात टाकल्या. त्या तेरीज न जुळल्यामुळे सापडल्या, आणि त्या शोधण्यात एक संध्याकाळ गेली.

या तक्रारीचा इतिहास बराच जुना आहे. ३० जानेवारी २००७ रोजी मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ बाजारात आणले, तेव्हा वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट यांतले ओळखीचे मेनू काढून त्यांच्या जागी रिबन नावाची पट्टी बसवण्यात आली, आणि जुना मेनू परत लावण्याचा पर्याय संचात ठेवलेलाच नव्हता. त्या निर्णयामागे विचार होता, हे मान्य करायला हवे. वर्डच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे १०० आज्ञा होत्या, त्या वर्ड २००३ पर्यंत १,५०० च्या वर गेल्या होत्या, आणि याद्यांच्या आत याद्या इतक्या झाल्या होत्या की संचात आधीपासून असलेल्या सोयीच लोक नव्याने मागत असत. कंपनीने गोळा केलेल्या माहितीनुसार वर्ड २००३ मधल्या एकूण आज्ञावापरापैकी सुमारे ३२ टक्के वापर पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचच आज्ञांचा होता. उरलेल्या शेकडो आज्ञा लोकांना सापडाव्यात, हा रिबनचा हेतू होता, आणि नवख्या माणसाला तिचा उपयोग झालाही असेल.

मला या इतिहासातली महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. रिबन आणतानाही एक्सेलमध्ये ऑल्ट, ई, एस हा (फक्त किमती नेण्यासाठी लागणारी ‘पेस्ट स्पेशल’ची चौकट उघडणाऱ्या) जुन्या कळांचा क्रम चालू ठेवला गेला, म्हणजे मेनू पडद्यावरून गेला तरी ज्यांच्या बोटांना तो पाठ होता त्यांची वाट बंद झाली नाही. पुढे ऑफिस २०१० मध्ये, २००७ मध्ये फाइल मेनूऐवजी आलेल्या गोल बटणाच्या जागी ‘फाइल’ हा शब्द परत आला आणि रिबनवरच्या गोष्टी आपल्या सोयीने मांडण्याची मुभाही मिळाली. जुनी वाट चालू ठेवून नवी वाट बांधता येते, हे यावरून सिद्ध झालेले आहे. आम्हाला मिळालेल्या संचाच्या निर्मात्यांनी एवढे केले असते, तर माझ्या तक्रारींपैकी निम्म्या उरल्याच नसत्या. आमच्या नव्या आवृत्तीत शॉर्टकट बदलण्याची सोय आहे, पण ती सेटिंग्जच्या चौथ्या पातळीवर आहे आणि ती तिथे असल्याचे मला तिसऱ्या महिन्यात कळले.

मांडणीतल्या बदलाविषयी थोडक्यात लिहिते. नव्या आवृत्तीने मूळ फॉन्ट बदलला, ओळींमधले अंतर वाढवले आणि परिच्छेदानंतर मोकळी जागा सोडायला सुरुवात केली. जुन्या नमुन्यावरून नवे पत्र केले की मजकूर एका पानात मावेनासा होतो आणि सहीची जागा एकटीच दुसऱ्या पानावर जाते. वर्ड २००७ मध्ये टाइम्स न्यू रोमन जाऊन कॅलिब्री आला तेव्हाही असेच झाले होते. उपाय सोपा आहे: आपली शैली ठरवून ती मूळ नमुन्यात कायमची साठवावी. मात्र हे पहिल्याच दिवशी केले पाहिजे, नाहीतर दोन्ही प्रकारची पत्रे एकत्र साठत जातात.

आता सर्वात गंभीर दोष, ज्याने माझे खरे नुकसान केले असते. हिशेबाच्या कामात गेल्या वर्षीची फाइल उघडायची, तिच्यातले आकडे पुसायचे, सूत्रे तशीच ठेवायची आणि ‘सेव्ह ॲज’ करून नव्या वर्षाच्या नावाने ती साठवायची, ही पद्धत अनेक ठिकाणी आहे. जुन्या आवृत्तीत ती सुरक्षित होती, कारण तुम्ही सेव्ह म्हणेपर्यंत मूळ फाइलला काहीही होत नसे. नव्या आवृत्तीत फाइल कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि आपोआप सेव्ह होण्याची सोय सुरुवातीपासूनच चालू असते. मी गेल्या वर्षीची फाइल उघडली, बारा महिन्यांचे आकडे निवडून पुसले आणि मग ‘सेव्ह ॲज’ शोधू लागले. ती आज्ञा मूळ जागी नव्हती. तिच्याऐवजी ‘प्रत साठवा’ अशी आज्ञा होती, ती मी वापरली आणि नव्या वर्षाची फाइल तयार झाली. पण मी ती आज्ञा शोधत असतानाच गेल्या वर्षीची फाइल, आकडे पुसलेल्या अवस्थेत, आपोआप सेव्ह झालेली होती. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात फाइलच्या नावापुढे बारीक अक्षरात ‘सेव्ह झाले’ असे दिसत होते, आणि त्या वेळी मला तो दिलासा वाटला होता.

हे लक्षात आले चार दिवसांनी, लेखापरीक्षकांनी गेल्या वर्षीचा एक आकडा विचारला तेव्हा. फाइल उघडली तर सगळे स्तंभ शून्याने भरलेले. तो क्षण मी विसरणार नाही. इथे संचाच्या बाजूनेही सांगितले पाहिजे, कारण फाइलच्या जुन्या प्रती वेळेसह साठवून ठेवण्याची सोय त्यात आहे, आणि आमच्या तंत्रज्ञाने चार दिवसांपूर्वीची प्रत सुमारे चाळीस मिनिटांत परत आणून दिली. सोय उत्तम आहे, यात शंका नाही. तरीही ज्या कृतीचा अर्थ वर्षानुवर्षे ‘मूळ फाइलला धक्का न लावता’ असा होता, तिचा अर्थ बदलायचा असेल तर पहिल्या वेळी ठळक सूचना देणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडल्यावर रंगसंगती कशी बदलावी हे दाखवणारे पाच फलक माझ्यासमोर आले होते. आपोआप सेव्ह होण्याविषयी त्यात एक ओळही नव्हती.

मॅक्रोंचा, म्हणजे अनेक पायऱ्यांचे काम एका आज्ञेत आपोआप करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा, अनुभवही सांगण्यासारखा आहे. दरमहा सुमारे १४० जणांना खातेउतारे पाठवण्यासाठी आमच्याकडे एक मॅक्रो होता, जो अकरा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यांनी लिहिला होता आणि ते आता निवृत्त झाले आहेत. नव्या आवृत्तीत तो आधी सुरक्षेच्या कारणाने अडवला गेला, आणि परवानगी दिल्यावर मधेच थांबला. कारण असे निघाले की जुनी आवृत्ती ३२ बिटची होती, नवी ६४ बिटची आहे, आणि मॅक्रोमध्ये विंडोजच्या अंतर्गत सोयींना ज्या ओळींतून हाक मारली जाते त्या ६४ बिटसाठी नव्याने लिहाव्या लागतात. मॅक्रो अडवण्याबद्दल माझी तक्रार नाही. मॅक्रोंमधून पसरणारे व्हायरस हा जुना आणि खरा धोका आहे, आणि इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टनेही २०२२ मध्ये लागू केले. माझे म्हणणे एवढेच आहे की अपग्रेडपूर्वी संगणकावरच्या फाइली तपासून ‘या मॅक्रोंमध्ये अडचण येईल’ अशी यादी देणारे साधन संचासोबत असायला हवे होते. ते नव्हते, म्हणून पहिल्या महिन्यात आम्ही तिघांनी मिळून सगळे उतारे हाताने तयार केले.

आणखी एक गोष्ट मला खटकते. पडद्यावरची मांडणी उत्साहाने बदलली जाते, पण वापरणारे ज्यासाठी वर्षानुवर्षे विनवत असतात ते जागचे हलत नाही. आमच्या विभागांचे संकेतांक ३-१२ किंवा ५-७ असे आहेत, आणि नव्या आवृत्तीतही ते टाइप करताच त्यांची तारीख होते. हा त्रास फक्त आमचा नाही. जनुकांच्या नावांची तारीख होऊन वैज्ञानिकांच्या तक्त्यांत इतक्या चुका होत राहिल्या की मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ यांसारखी नावेच बदलून ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्टिन१’ अशी केली. एक्सेलमध्ये हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय त्यानंतर, २०२३ मध्ये आली. सॉफ्टवेअर बदलण्याआधी विज्ञानाला आपली परिभाषा बदलावी लागली.

असे असूनही जुन्या आवृत्तीलाच चिकटून राहावे असे मी म्हणणार नाही. जुने स्वरूप किती महागात पडू शकते, याचे उदाहरणही २०२० मधलेच आहे. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ कोविड रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले, कारण प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपाच्या फाइलींमध्ये भरली जात होती. त्या स्वरूपात एका शीटवर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, आणि २००७ पासूनच्या नव्या स्वरूपात ही मर्यादा १०,४८,५७६ आहे. शिवाय जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे कधी ना कधी थांबते, आणि तशा संगणकावर बाहेरून आलेली फाइल उघडणे धोक्याचे असते.

नव्या आवृत्तीतल्या दोन सोयी मी आता सोडणार नाही. एकाच शीटवर दोघांनी एकाच वेळी काम करता येते, त्यामुळे ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’, ‘अंतिम सुधारित दोन’ अशा नावांच्या प्रती मेलने फिरवणे बंद झाले. आणि एका तक्त्यातली किंमत दुसऱ्या तक्त्यातून शोधून आणणारे नवे सूत्र इतके सुटसुटीत आहे की स्तंभ मागे-पुढे सरकला तरी ते बिघडत नाही.

ज्यांच्याकडे हा बदल व्हायचा आहे त्यांनी तो वर्षअखेर किंवा महिनाअखेर टाळून करावा, आधी एकाच संगणकावर करावा, आणि त्या संगणकावर विभागातल्या सर्वात जुन्या जाणत्या माणसाला आठवडाभर रोजचे काम करू द्यावे. आपोआप सेव्ह होणे पहिल्याच दिवशी बंद करावे आणि जुन्या फाइली फक्त वाचता येतील अशा ठेवाव्यात. प्रशिक्षण म्हणून आम्हाला दोन तासांचे सादरीकरण मिळाले, त्यात बहुतेक वेळ नव्या सोयींवर गेला. त्यापेक्षा रोज लागणाऱ्या तीस आज्ञा पूर्वी कुठे होत्या आणि आता कुठे आहेत, असा एका पानाचा तक्ता कितीतरी उपयोगी पडला असता. तो शेवटी मीच तयार केला आणि आता विभागातल्या प्रत्येक टेबलावर आहे, पण दर एक-दोन महिन्यांनी येणाऱ्या अपडेटमध्ये एखादे बटण हलते आणि तक्ता पुन्हा छापावा लागतो. आतापर्यंत तो चार वेळा छापला.

एक जुना संगणक आम्ही जुन्या आवृत्तीसह, नेटवर्कपासून तोडून ठेवला आहे. त्यावर तीनच फाइली चालतात, आणि त्यातली एक खातेउताऱ्यांची आहे. मॅक्रो नव्याने लिहून सलग दोन महिने त्याचे उतारे जुन्याशी जुळेपर्यंत तो संगणक काढू नये, असे मी विभागप्रमुखांना लेखी कळवले आहे.